सागाच्या बियाण्याचे माहेर

तालुक्याला नाव केळापूरचे आणि कचेऱ्या पांढरकवड्यात, यामुळे परगावच्या माणसाचा गोंधळ उडतो. तथापि नवरात्रात साऱ्या पंचक्रोशीची पावले केळापूरच्या जगदंबेच्या देवळाकडेच वळतात, आणि तालुक्याचे नाव तिच्या गावाने राखले याचा गावकऱ्यांना रास्त अभिमान आहे. तालुक्याच्या वैभवाच्या वर्णनात कोलामांचा उल्लेख नेहमी शेवटी येतो, ही खरी खंत होय. पोडांवर, म्हणजे आपल्या वस्त्यांवर, बांबूचे ताटवे व टोपल्या विणत आलेल्या या समाजाला येथील रानाची जी ओळख आहे, तिच्यामुळे या वनविषयक परिषदेत त्याचे स्थान पहिल्या रांगेत असावे, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

टिपाई देवीच्या नावाच्या टिपेश्वर अभयारण्याचा हा परिसर सागाचा आहे. सागाच्या फळावर फुग्यासारखे पातळ आवरण, त्याखाली मखमली साल आणि आत दगडासारखी कठीण आठळी असते. म्हणून ते आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून पेरले जाते आणि तरीही उगवण बेताचीच होते. वर्षभराच्या रोपाचे मूळ व बोटभर खोड राखून केलेली सागजडी पहिल्या पावसात पहारीच्या भोकात लावतात. पाऊस दडी मारतो तेव्हा तीच आधी सुकते. आज लावलेले झाड तोडीला येण्यास अनेक दशके लागतात आणि हवामान तर तापत चालले आहे, त्यामुळे त्याला मातृवृक्षाने न पाहिलेला उन्हाळा सोसावा लागेल. बियाण्याचे उत्पत्तिस्थान, म्हणजे ते ज्या रानात पिकले ते ठिकाण, नोंदवणे आणि अधिक कोरड्या रानातील बी येथे लावून पाहणे ही दोन कामे म्हणूनच तातडीची आहेत. निवडक वृक्षांची कलमे लावून केलेल्या बीजोद्यानांत कलमे एकाच वेळी फुलत नसल्याने बी कमी धरते, याकडेही अभ्यासकांनी लक्ष द्यावे.

निवासासाठी शाळेच्या खोल्या, अपुरे कूलर आणि टँकरचे पाणी, एवढ्यावरच पाहुण्यांची सोय भागवावी लागत आहे, याबद्दल समिती हात जोडून क्षमा मागते. जिनिंगमालकांनी मंडप, शेतकऱ्यांनी ज्वारी व तूरडाळ, तर बचत गटांच्या भगिनींनी पहाटेपासूनचे श्रम दिले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. प्रत्येक पाहुण्याला दिलेली सागबियाची पिशवीही याच भगिनींनी शिवली असून, बी कोणत्या रानातून व कोणत्या महिन्यात वेचले हे तिच्यावर लिहिले आहे.