शोभेच्या वस्तू आणि कारागिराचा श्वास



सुखवस्तू घरच्या दिवाणखान्यांत एखादी सुंदर वस्तू मांडलेली असते, तेव्हां पाहुणा तिचें कौतुक करतो आणि यजमान तिची किंमत सांगतो. ती घडवितांना कारागिराच्या नाकातोंडांत काय गेलें, हा प्रश्न त्या दोघांपैकीं कोणाच्याही मनांत सहसा येत नाहीं. आज तोच विचार मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. खाणींतील व गिरण्यांतील अपघातांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें. परंतु नाजूक कलाकुसरीचे धंदेही तितकेच घातक असूं शकतात, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

कारागिरांच्या रोगांवरील पहिला व्यवस्थित ग्रंथ इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० सालीं प्रसिद्ध केला. रोग्यास तपासतांना वैद्यानें त्याचा धंदा कोणता हेंही विचारावें, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या ग्रंथांत कुंभार व पाथरवट यांच्या जोडीला सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिरांचाही विचार आहे.

हा मुलामा पूर्वीं असा चढवीत. सोनें पाऱ्यांत विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करावयाचा, तो ब्राँझच्या वस्तूवर चोळावयाचा, आणि मग ती वस्तू निखाऱ्यावर धरावयाची. उष्णतेनें पाऱ्याची वाफ होऊन ती उडून जाई व सोनें मागें राही. परंतु उडालेला पारा नाहींसा होत नसे; भट्टीवर वांकलेल्या माणसाच्या फुप्फुसांत तो शिरे. हिरड्या सुजत, दांत हलूं लागत, हातांना कंप सुटे. ज्या हातांच्या स्थिरतेवर पोट चालावयाचें, तेच हात निकामी होत.

पॅरिस येथील ब्राँझच्या वस्तूंचा नामांकित कारखानदार आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा १८१४ सालीं वारला. मुलामा देणाऱ्यांस पाऱ्यापासून वांचविण्याची युक्ति जो शोधून काढील, त्याच्यासाठीं त्यानें आपल्या मृत्युपत्रांत ३,००० फ्रँकचें बक्षीस ठेविलें होतें. १८१८ सालीं तें दार्से या रसायनशास्त्रज्ञास मिळालें. दार्सेचा भर भट्टीच्या रचनेवर होता. धुराडें तापविण्यासाठीं एक स्वतंत्र विस्तव पेटवावयाचा. त्यानें आंतील हवा हलकी होऊन वर चढे, तिच्या जागीं खोलींतील हवा भट्टीकडे ओढली जाई, आणि पाऱ्याची वाफ माणसाकडे न येतां धुराड्यांतून बाहेर पडे. पुढें १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्यानें विजेच्या साहाय्यानें मुलामा चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि बहुतेक कामांतून पारा हळूहळू हद्दपार झाला. या कृतींत सायनाइडचें द्रावण आलें, म्हणून नव्या विषासाठीं नवी सावधगिरीही शिकावी लागली.

या हकीकतींत आरोग्यरक्षणाचा क्रम दिसून येतो. प्रथम घातक पदार्थच बदलतां येतो कां, तें पाहावें. तें शक्य नसेल तर विष जेथें उत्पन्न होतें तेथेंच त्यास कोंडावें किंवा ओढून न्यावें. त्यानंतर कामाचे तास व पाळ्या यांची व्यवस्था लावावी. आणि मुखवटा सर्वांत शेवटीं. व्यवहारांत हा क्रम अनेकदां उलटा होतो, कारण मुखवटा स्वस्त असतो. पण ऐन उन्हाळ्यांत दिवसभर नाकतोंड आवळून बसणें कोणासही कठीण जातें. आणि नुसतें फडकें बांधलें तर अतिसूक्ष्म धूळ त्यांतून सहज आंत जाते.

आपल्या जवळचें उदाहरण खंबायतचें आहे. भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या बाजूचा अकीक तेथें येतो. त्याला तापवून लाल रंग आणतात, फोडतात, घांसतात, भोंक पाडून मणी करतात. ही कला हडप्पा संस्कृतीइतकी प्राचीन असून लोथलच्या उत्खननांत मणी घडविण्याचा कारखाना सांपडला आहे. अकीक म्हणजे मुख्यत्वें सिलिका. विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर तो कोरडाच घांसला म्हणजे जी धूळ उडते, तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांस दिसतही नाहींत. ते फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात, तेथें चट्टे पडतात, आणि फुप्फुस ताठर होत जातें. हाच सिलिकोसिस. धुळीचें काम सोडल्यावरही तो वाढत राहूं शकतो, तो बरा करणारें औषध नाहीं, आणि अशा फुप्फुसांत क्षयाचा शिरकाव सुलभ होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें येथील कारागिरांची तपासणी केली आहे, आणि धूळ ओढून घेणारी योजनाही आंखली आहे.

मग अडचण कोठें आहे? अडचण ही कीं, काम बव्हंशीं घरांतच चालतें. चाक ओटीवर आणि मुलें अंगणांत. त्यामुळें ज्यांनीं चाकाला कधीं हातही लावला नाहीं, अशा माणसांतही हा रोग आढळला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानें सामान्यतः विजेच्या जागीं १० व विजेवांचून २० कामगार असले तरच कारखाना मानला. २०२० च्या संहितेंत हे आंकडे २० व ४० झाले. दोनतीन माणसांचें घर यांत कसें बसावें? शिवाय मजुरी नगावर मिळते. धूळ ओढणाऱ्या यंत्राचा खर्च तीन मणी जास्त घासून भागत नाहीं. तो मालाच्या किमतींत धरला जावा आणि माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यानें सोसावा, असें माझें मत आहे. यावर कोणी म्हणेल, किंमत वाढली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. म्हणूनच नियम सर्व व्यापाऱ्यांस सारखा हवा, आणि वस्तीबाहेर सामाईक कामशाळा हव्या. एका घरास न परवडणारें यंत्र वीस घरांस मिळून परवडूं शकतें.

हा प्रश्न गरीब वस्त्यांपुरता आहे असेंही नाहीं. स्वयंपाकघरांतील ओट्यांसाठीं क्वार्ट्झचा चुरा व राळ यांचा कृत्रिम दगड करतात. त्यांत सिलिकेचें प्रमाण शेंकडा ९० हून अधिक असूं शकतें. तो कापणाऱ्या तरुण कामगारांत सिलिकोसिस आढळूं लागला, तेव्हां ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे ओटे व फरश्या तयार करण्यावर, पुरविण्यावर व बसविण्यावर बंदी घातली. बसविलेला ओटा घरच्यांस अपाय करीत नाहीं; घात होतो तो कापतांना व घासतांना.

म्हणून आपल्या घरीं ओट्याचें काम निघेल तेव्हां दगड जिन्यांत किंवा गच्चीवर कोरडा कापूं देऊं नये. पाणी सोडून व धूळ ओढून कापण्याची अट कंत्राटदाराशीं आधींच ठरवावी, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तर ते द्यावे. अकीकाची माळ घेतांना ती कोठें व कशी घासली जाते, हें दुकानदारास विचारावें. प्रथम त्यास उत्तर देतां येणार नाहीं. परंतु गिऱ्हाइकें वारंवार विचारूं लागलीं, तर तो आपल्या व्यापाऱ्यास विचारील, आणि व्यापाऱ्यास खंबायतेस जाऊन पाहावें लागेल.