सपाट चमचा
(पुस्तिका-लेखन शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आरोग्याच्या पुस्तिकेचं संपादन करणारी बाई डॉक्टर, निदान नर्स तरी असावी का, असा प्रश्न काल इथे निघाला. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली. वस्त्यांमध्ये काम करते आणि संघटनेच्या पुस्तिकांचं संपादनही माझ्याकडेच असतं. म्हणून आधी माझीच चूक सांगते.

जुलाबावरच्या पुस्तिकेत डॉक्टरांनी लिहिलं होतं, एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मला 'सपाट' शब्द फालतू वाटला. चमचा तो चमचा! मी दोन्हीकडून तो काढून वाक्य सुटसुटीत केलं. प्रूफं डॉक्टरांनी तपासली. त्यांच्याही लक्षात आलं नाही. ज्याला गोष्ट पाठ असते, त्याला न छापलेलंही वाचता येतं.

छापण्याआधी वस्तीत वाचन ठेवलं. एका आशाताईंनी विचारलं, "चमचा कुठला, चहाचा की पोह्याचा? आणि शिगोशीग भरायचा का?" लगेच आतून पोह्याचा चमचा आणून त्यांनी मिठाने भरून दाखवला. मी बघतच राहिले. मीठ जास्त झालं तर जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं, झटके येतात, जिवावर बेतू शकतं. माझं मराठी शुद्ध होतं, पण ते पाणी मी माझ्या हाताने कधी केलं नव्हतं.

त्याच ताईंनी पुढे पुडीचं काढलं. आम्ही लिहिलं होतं, 'पुडी एक लिटर पाण्यात टाका.' पण दुकानात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. ती लिटरभर पाण्यात टाकली तर त्या पाण्यात औषध ते काय उरणार?

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. प्रशिक्षित माणसं अपुरी होती, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. नातेवाइकांनी ते पाजलं आणि माणसं वाचली. त्यासाठी कुणाला डॉक्टर व्हावं लागलं नाही.

संपादिकेनेही व्हायला नको, असं मला वाटतं. पण जे दुसरीला करायला सांगते, ते तिने एकदा तरी स्वतः करून बघावं. आणि जी रोज करते, तिच्यासमोर मोठ्याने वाचावं. आता मी हे दोन्ही केल्याशिवाय मजकूर प्रेसला देत नाही. (उशीर होतो म्हणून बोलणीही खाते.)

ती पुस्तिका दुरुस्त होऊन निघाली. लेखक म्हणून डॉक्टरांचं नाव, संपादन माझं. वाचनाला बसलेल्या बायकांचं नाव कुठेच नाही, आणि त्यांचा बुडालेला रोजही कुणी भरून दिला नाही. पुढच्या पुस्तिकेच्या अंदाजपत्रकात त्यांच्या मानधनाची रक्कम मी घातली आहे. कार्यकारिणीत त्यावर चर्चा व्हायची आहे. तुमच्यापैकी ज्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी त्या दिवशी नक्की यावं.