फुगलेल्या शिरा आणि पायांचा ठणका



फळ्यासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचे पाय संध्याकाळी ठणकतात. पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा उमटतात. रक्त हृदयाकडे नेणाऱ्या नीलांतील झडपा सैल पडल्या, की रक्त खाली साचून शीर फुगते. पोटरीचे स्नायू हलले, म्हणजे ते वर ढकलले जाते. म्हणून एका जागी ताटकळत उभे राहू नये. अधूनमधून चालावे, टाचा उचलाव्यात, निजताना पाय उशीवर ठेवावेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने घट्ट लवचिक मोजे वापरावेत. याने ठणका कमी होतो. झडपा मात्र पूर्ववत होत नाहीत. घोट्याजवळ त्वचा काळवंडली वा जखम चिघळली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. शीर फुटल्यास आडवे होऊन पाय उंच धरावा, जागा घट्ट दाबावी. शाळेने वर्गात खुर्ची द्यावी. शिक्षकाने निःसंकोच बसावे.