जुन्या ढोलास नवें वस्त्र

(महोत्सवानिमित्त वाकोला येथें वादकमंडळापुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव जवळ आला कीं घरोघर साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, दरवाजांना तेलपाणी होतें, आणि माळ्यावरच्या अडगळीचा एकदांचा निकाल लावावा असें सर्वांनाच वाटूं लागतें. त्या घाईंत भंगारवाल्याच्या गाडीवर काय काय जातें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आज मला ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे ती या गाडीवर फार वेळां चढते. ती म्हणजे जुना ड्रम. वादक वारला, मुलें परदेशीं गेलीं, वेष्टन सुटलें, चामडें फाटलें, कीं ढोल गेलाच म्हणून समजा. आपल्या सभागृहांतील जुन्या संचावरही हाच प्रसंग आला होता. तो विकून नवा घ्यावा कीं दुरुस्त करावा, यावर मंडळांत बरेच दिवस वाद चालला. तो वाद निरर्थक नव्हता. ढोलांतील कोणती गोष्ट बदलली तर चालेल आणि कोणती बदलली तर तो ढोलच राहणार नाहीं, असा त्यांतला खरा प्रश्न होता. त्याचाच आज विचार करूं.

प्रथम हें वाद्य आपल्याकडे कसें आलें तें पाहूं. बँडमध्यें मोठा ढोल एकजण वाजवी, लहान ढोल दुसरा आणि झांजा तिसरा. मिरवणुकींत आजही हीच विभागणी दिसते. बसून वाजवावयाचें झाल्यास मात्र माणसाचे पाय मोकळे होतात. 1909 सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं विल्यम लुडविग यांनीं मोठ्या ढोलासाठीं पायानें जलद चालणारी पावटी तयार केली. ती इतकी उपयोगी ठरली कीं तीन माणसांचें काम एकट्यानें करणें सोपें झालें, आणि आज आपण ज्याला ड्रम-संच म्हणतों तो आकारास येऊं लागला. मुंबईंत 1935 सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जाझ-वृंद ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन शिकून या शहरीं आलेल्या वादकांनीं ही नवी विद्या झपाट्यानें उचलली. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ यांचा वृंद 1951 सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांत दिसतो. पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केरसी आणि बर्जोर, तसेच लेस्ली गुदिन्हो अशा तालवादकांनीं नांव मिळविलें. 1990 च्या दशकांत यंत्रावर ताल तयार होऊं लागले आणि ते मोठे वाद्यवृंद मोडत गेले. वृंद मोडले, पण वाद्यें मागें राहिलीं. त्यांतलींच कांहीं आज माळ्यांवर आहेत.

आतां ढोलाची रचना पाहूं. तबला-पखवाजाप्रमाणें यालाही खोड असतें. येथें तें कोरलेलें नसून लाकडाचे पातळ थर वांकवून, एकमेकांस चिकटवून केलेलें असतें. कांहीं नामांकित जुन्या ढोलांत तर मेपलची एकच जाड फळी वाफेनें वांकवून तिचीं दोन टोकें जोडलेलीं असत, आणि आकार बिघडूं नये म्हणून आंतून लाकडी कडीं बसवीत. खोडाच्या वरच्या व खालच्या टोकास तिरपा तासलेला कांठ असतो. पान, म्हणजे चामडें, याच कांठावर टेकतें. त्यावर कडें बसतें, आणि खोडाला लावलेल्या धातूच्या पकडींत स्क्रू पिळून पानास ताण देतात. या सर्वांच्या बाहेरून असतें तें वेष्टन. आवाज मुख्यतः खोड, कांठ आणि पान यांतून निघतो. तबल्याची पुडी बदलली म्हणून तबला दुसरा झाला असें कोणी म्हणत नाहीं. परंतु कांठ चुकीचा तासला तर कितीही भारी पान घाला, ढोल सुरांत लागत नाहीं.

मग वेष्टनाचें एवढें महत्त्व कां? त्याचें कारण मोत्यासारखी चकाकी. हस्तिदंताला पर्याय शोधतां शोधतां एकोणिसाव्या शतकांत सेल्युलॉइड निघालें. कापसापासून केलेलें नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचें तें मिश्रण होय. त्यांत शिंपल्याच्या पोटासारखे चमकते पट्टे उमटवितां येऊं लागले, तेव्हां ढोलवाल्यांनीं तें उचललें. 1930 च्या दशकांत जीन क्रूपा या वादकाच्या पांढऱ्या मोतिया संचाने तरुणांस वेड लावलें. 1964 च्या फेब्रुवारींत बीटल्सचे रिंगो स्टार अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर काळसर शिंपली रंगाच्या संचावर दिसले, आणि त्या रंगास जगभर मागणी आली. आज ‘जुन्या तऱ्हेचा संच करून द्या’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा यांपैकींच एखादा असतो. पण सेल्युलॉइडचे दोन दोष आहेत. तें काळानें आकसतें, पिवळें पडतें व तडकतें. आणि तें सहज पेट घेतें. म्हणून जुनें वेष्टन काढतांना ज्योत जवळ नेऊं नये, हा पहिला नियम तरुणांनीं लक्षांत ठेवावा.

काम कसें करावें, तें क्रमानें सांगतों. प्रथम सर्व पकडी, स्क्रू व कडीं काढावीं, आणि कोणता भाग कोठला तें लिहून ठेवावें. जुन्या खोडावरचीं भोकें हातानें पाडलेलीं असतात. एकीची पकड दुसरीच्या जागीं नीट बसेलच असें नाहीं. नंतर केंस वाळविण्याच्या यंत्राची मंद ऊब देत, बोथट पातीनें, वेष्टन हळूहळू उचलावें. घाई केली तर लाकडाचा वरचा थर त्याच्याबरोबर निघून येतो. मग कांठाची परीक्षा. खोड सपाट संगमरवरी फरशीवर उभें ठेवावें, खोली अंधारी करावी आणि आंत विजेरी सोडावी. जेथून उजेडाची रेघ बाहेर येते तेथें कांठ बसला आहे. फरशीवर घट्ट चिकटविलेल्या पॉलिश-कागदावर खोड फिरवून तो थोडा थोडा सपाट करावा. पुनःपुन्हां तपासावें, कारण घासलेलें लाकूड परत येत नाहीं.

त्यानंतर नवें वेष्टन. चौदा इंच व्यासाच्या ढोलाचा परीघ सुमारें 44 इंच भरतो, बावीस इंची मोठ्या ढोलाचा सुमारें 69 इंच. त्यावर एक इंच चढ ठेवावा, म्हणजे टोकावर टोक येतें. उंचींत मात्र वेष्टन कांठापर्यंत नेऊं नये. पाव इंच खालीं थांबवावें. कांहीं जुनीं खोडें आजच्या मापापेक्षां किंचित मोठीं असतात. 1957 सालानंतर चामड्याऐवजीं पॉलिएस्टरचीं पानें प्रचारांत आलीं, तीं अशा खोडावर आधींच घट्ट बसतात. त्यांत जाड वेष्टन कांठास भिडलें तर पान अडकतें, आणि आवाज दबतो. सांधा पकडींच्या ओळीखालीं झाकावा. मोठ्या ढोलाचा सांधा जमिनीकडे ठेवावा. भोकें पाडतांना हातसामता वापरावा, म्हणजे वेष्टन चिरत नाहीं. आणि मुंबईच्या पावसाळ्यांत हें काम काढूंच नये. लाकूड ओल पितें, ती ओल वेष्टनाखालीं कोंडते, आणि सरस सुटूं लागतो.

एवढी कृती सांगून आतां मी म्हणतों कीं पुष्कळ वेळां नवें वेष्टन घालूंच नये, तर तुम्हांस नवल वाटेल. आपल्या संचाचेंच उदाहरण घ्या. सर्व ढोल पिवळट दिसत होते, म्हणून सर्वच नव्यानें मढवावे असा बहुतेकांचा आग्रह होता. पकडी काढल्यावर त्यांच्याखालीं मूळचा शुभ्र मोतिया रंग जसाच्या तसा सांपडला. इतक्या वर्षांचा उजेड, धूर व घाम बाहेर साचला होता, एवढेंच. लहान ढोलांचीं वेष्टनें घट्ट होतीं, कोठेंही तडा नव्हता. मोठ्या ढोलाचें मात्र आकसून फाटलें होतें व खोडाचा थर उघडा पडला होता. तेव्हां मोठा ढोल तेवढा नव्यानें मढविला आणि बाकीचे केवळ पुसून ठेवले. आतां संचाचा रंग एकसारखा दिसत नाहीं, ही तक्रार माझ्या कानीं आली आहे. ती खरी आहे. पण रंग जुळावा एवढ्यासाठीं धडधाकट वेष्टनें फाडलीं असतीं तर तीं परत आलीं नसतीं. जें मोडलें तें सांधावें, जें टिकलें तें राहूं द्यावें, हा नियम आपण पाळला.

याच नियमाचें आपल्या घरचें उदाहरण घुमट. उंबराच्या पाण्याला घुमट वाजतो तो आपण सर्वांनीं ऐकला आहे. मातीच्या त्या घटाच्या तोंडावर पूर्वीं घोरपडीचें कातडें मढवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीस संरक्षण मिळालें, आणि तें कातडें वर्ज्य झालें. आतां घुमट संपला, असें पुष्कळांस वाटलें. पण कारागिरांनीं बकऱ्याचें कातडें घेऊन पाहिलें, ताण बदलला, आवाज शोधला. 2019 सालीं गोवा सरकारनें घुमटास राज्याचें वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडें बदललें, पण घट, हात आणि ताल तेच राहिले. येथें बदल करणें हेंच जतन करणें होतें, कारण एका जीवाचा प्राण वांचवावयाचा होता.

आतां एक सावधगिरीची सूचना. नवें खोड घेऊन, त्यावर जुन्या तऱ्हेचें वेष्टन घालून संच बनविणें हा प्रामाणिक धंदा आहे, आणि आपल्यांतील कोणी तरुण तो करील तर मला आनंद होईल. परंतु त्याच खोडावर जुन्या कारखान्याचा बिल्ला ठोकून तो साठ वर्षांचा म्हणून विकणें ही चोरी आहे. घेणारा तें ओळखूं शकत नाहीं, म्हणूनच तें पाप अधिक मोठें. नव्याला नवें म्हणावें. चांगलें असेल तर त्यास किंमत मिळेल.

ढोलाच्या नशिबीं देवळाचें दारही फार काळ बंद होतें. 22 नोव्हेंबर 1903 रोजीं, संत सिसिलियाच्या सणादिवशीं, परमगुरु दहावे पायस यांनीं धर्मसंगीताविषयीं आज्ञापत्र काढून ढोल, झांजा यांसारखीं गोंगाटाचीं वाद्यें मंदिरांत वर्ज्य केलीं. मात्र बाहेरच्या मिरवणुकींत बँड वाजविण्यास बिशपांच्या परवानगीनें मोकळीक ठेविली. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजांत, जीं वाद्यें उपासनेस शोभतील व भाविकांच्या उन्नतीस खरोखर साह्य करतील त्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें प्रवेश दिला. परवानगी मिळाली म्हणून वाटेल तसें बडवावें, असा तिचा अर्थ नाहीं. ज्या हातानें कांठ धीरानें घासला तोच हात भक्तांच्या गायनास आवाजानें झांकून टाकणार नाहीं, अशी माझी खात्री आहे.

शेवटीं तीन विनंत्या. ज्यांच्या घरीं दिवंगत वादकाचा ढोल पडून असेल त्यांनीं तो भंगारांत देण्यापूर्वीं वादकमंडळास एकदां दाखवावा. जे वृद्ध सुतार व वाद्यदुरुस्तीचे कारागीर आपल्या ओळखीचे असतील त्यांच्यापाशीं मुलांनीं जाऊन बसावें, आणि त्यांच्या कामाचा मोबदला घासाघीस न करतां द्यावा. त्यांच्या बोटांतील ज्ञान कोणत्याही पुस्तकांत पूर्ण लिहिलेलें नाहीं. तिसरी विनंती मंडळास. मोठ्या ढोलाच्या आंत, खोडाला, एक चिठ्ठी चिकटवा. वेष्टन केव्हां बदललें, काय काढलें, काय तसेंच ठेवलें आणि कोणता सरस वापरला, हें तींत स्वच्छ अक्षरांत लिहा. पुढें कधींतरी हा ढोल पुन्हां उघडावा लागेल. उघडणाऱ्यास आपली नांवें ठाऊक नसतील, पण आपण काय केलें तें त्यास कळलें पाहिजे, म्हणजे त्याचें काम सोपें होईल. देव तुमच्या हातांस यश देवो.