मूकपटाला रंग आणि वाणी

जुन्या लढाईच्या चित्रफिती आपण पाहिल्या असतील. त्यांतले शिपाई बाहुल्यांसारखे भराभर चालतात आणि आपणांस नकळत हसूं येतें. वस्तुतः त्यांतलीं कितीतरी माणसें मरणाच्या वाटेनें चाललेलीं असतात. हें हसूं घालविण्यास काय करावें लागतें, याविषयीं आज दोन शब्द सांगणार आहें.

पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकानें 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा माहितीपट २०१८ सालीं पुरा केला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाचें सुमारें १०० तासांचें मूक चित्रण आणि वृद्ध सैनिकांच्या मुलाखतींचें सुमारें ६०० तासांचें ध्वनिमुद्रण, एवढी सामग्री त्याच्यापुढें होती.

त्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. सेकंदाला कधीं १०, तर कधीं १६ चित्रें उमटत. तींच २४ च्या वेगानें दाखविलीं कीं चाल धांवती होते. म्हणून मधलीं चित्रें संगणकावर तयार करून ती चाल स्वाभाविक केली.

मग रंगाची पाळी आली. त्या काळची बहुतेक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी असे. निळें आकाश पांढरें उमटे, लाल वस्तु काळी. केवळ करड्या छटेवरून मूळ रंग सांगतां येत नाहीं. यास्तव जुने गणवेश आणि रणभूमीवरील गवत-माती पाहून रंग ठरविले. शिवाय निरनिराळ्या उजेडांत घेतलेले तुकडे एकमेकांशीं जुळवावे लागतात. एकाच गणवेशाचा रंग दृश्यागणिक बदलला, तर डोळा लगेच अडखळतो. ही जुळणी म्हणजेच रंगसुधारणा.

आवाज तर मुळींच नव्हता. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या तज्ज्ञांनीं शिपायांचे शब्द ओळखले, नटांनीं ते उच्चारले. अशा वेळीं म्हाताऱ्याचें कथन, पावलें, तोफा हीं सारीं एकत्र आणणाऱ्या मिश्रणकाराची खरी कसोटी लागते. तोफ खऱ्या जोरानें वाजविली, तर कथन बुडतें. फार दाबली, तर ती फटाका वाटते.

आतां प्रश्न असा कीं, यास सत्य म्हणावें काय? जुन्या चित्रणाला असे रंग देण्यास कांहीं इतिहासकारांनीं हरकत घेतली, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीं. चित्रपट चालू असतां पुरावा कोठें संपला आणि तर्क कोठें सुरू झाला, हें प्रेक्षकाला कळत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रत्यक्ष चढाईचें चित्रण उपलब्ध नसल्यामुळें जॅक्सननें त्या जागीं तत्कालीन नियतकालिकांतील रेखाचित्रें दाखविलीं. खोटी लढाई उभी केली नाहीं. धूळ पुसणें निराळें आणि नवा चेहरा काढणें निराळें. माहितीपटाची अब्रू ह्याच भेदावर अवलंबून असते.

तो शिपाई आतां सावकाश चालत येतो, क्षणभर थांबून आपल्याकडे पाहतो. या वेळीं मात्र आपणांस हसूं येत नाहीं.