ड्रेसिना आणि कुंडीखालची थाळी

समोरच्या विंगची भिंत आडवी येऊन खिडकीतून जेमतेम जो उजेड आत येतो, तेवढ्यावर अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं तग धरणारं झाड म्हणजे ड्रेसिना. सडसडीत खोड, टोकाला लांब पात्यांचा झुपका. नर्सरीत ते पामच्या रांगेत दिसलं, तरी ते पाम नव्हे. आपल्या शतावरीच्या कुळातलं आहे. घरात हा फरक कामाला येतो. अरेका पामचा शेंडा छाटला, की ते खोड संपलं. ड्रेसिना छताला टेकू लागला तर जूनमध्ये, हवेत ओल आली की, खुशाल छाटा. कापाच्या खाली सालीवर बारीक फुगवटे दिसू लागतात आणि त्यांतून नवे झुपके फुटतात. छाटलेला शेंडाही लाल माती, वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचला तर बहुधा जगतो.

पश्चिमेच्या खिडकीत दुपारच्या उन्हाने पानं करपतात. शेजारी पुनर्विकासाचं काम चालू असेल, तर पानांवर बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसावी. आणि हवा शुद्ध होते म्हणून झाड घेत असाल, तर नासाचा १९८९ सालचा तो गाजलेला प्रयोग बंद पेटीतला होता. आपल्या उघड्या खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांनी काय होणार? झाड देखणं आहे, तेवढं पुरे.

खरी भानगड पाण्याची. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी घाला. पावसाळ्यात थाळीत पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात, खोड बुंध्याशी दाबलं तर मऊ लागतं. शिवाय त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. म्हणून तर महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की पानांकडे न बघता कुंडी उचलून बघतात. टीव्हीशेजारचा लकी बांबूसुद्धा ड्रेसिनाच बरं का! २००१ मध्ये चीनहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लकी बांबूच्या मालातून एडिस डास अमेरिकेत उतरले होते.

आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं सांगतात, पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी थाळीच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने कडा खसखसून घासा. लकी बांबू तर सरळ मातीत लावा; तिथे तो पाण्यातल्यापेक्षा चांगला वाढतो.