न मागता आलेले टपाल

श्रोतेहो, 'हे पत्र एकवीस जणांना पाठवा, नाही तर संकट येईल', अशी पोस्टकार्डे पूर्वी खेडोपाडी यायची. तोच प्रकार आता ई-मेलने येतो. फरक एवढाच, की कार्डाला पैसे पडत. ई-मेल लाखभर पाठवले तरी खर्च जवळजवळ नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या विक्रेत्याने संगणकाची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना पाठवली. असले पहिले टपाल तेच मानतात. लाखात एकजण फसला, तरी पाठवणाऱ्याचे भागते!

म्हणून अशा टपालाला उत्तर देऊ नये. रागाचेही नाही. उत्तर गेले की पत्ता चालू आहे हे त्याला कळते, आणि टपाल वाढते. त्यावर 'स्पॅम' अशी खूण करावी, म्हणजे तसली पत्रे पुढे आपोआप बाजूला पडतात.

दुसरे असे, की पाठवणाऱ्याचे नाव कोणीही कोणाचेही लावू शकतो. समजा, मुक्ताईनगरच्या एखाद्या केळीवाल्या शेतकऱ्याला पत्र आले, 'पीकविमा मंजूर, येथे दाबा.' दाबू नये. सरळ बँकेत जाऊन विचारावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट ठरवून दिला आहे. तो ध्यानात ठेवावा. ओटीपी मात्र कोणालाच सांगू नये.

शिक्षकबंधुभगिनींनो, एवढे मुलांना शिकवा. घरचा फोन पुष्कळदा तीच वाचतात. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. तत्काळ १९३० वर फोन करा. वेळेवर कळवले तर रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते.